अडीच इंच

वंटमुरी घाटातली गाडी उद्यमबागेत आली,
आली म्हणजे क्रेननं आणली,
मागची दोन चाकं तेवढी जमिनीवर.
पांढरी तवेरा, केए बावीस.
बॉनेटच्या घडीत उसाचा पाला अडकलेला,
अजून हिरवा.

लोक पुढचंच बघतात.
मी आधी मागं जातो.
डावा हेडलाइट फुटलाय ना,
मग उजव्या मागच्या दाराची फट बघायची:
वर चार, खाली अकरा मिलिमीटर.
मार जिथं लागतो तिथं राहत नाही,
चॅसीच्या रुळावरून चालत सुटतो
आणि जिथं वेल्डिंग कच्चं,
जिथं कुणी कॅरिअरसाठी कधीकाळी भोक पाडलंय,
तिथं जाऊन बसतो.
छताला, तिसऱ्या सीटच्या वर, एक सुरकुती होती,
झोपून उठलेल्या गालावर उशीची असते तशी.

मग फरशीवर खडू.
ओळंबा सोडून आठ ठिपके.
दोरी तिरकी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उलटी.
दोन्ही सारख्या भरल्या तर चौकट सरळ.
ह्या एकोणीस मिलिमीटरनं चुकल्या.
चौकटीचा पतंग झाला होता.

हिरेमठ सर्व्हेअर आले, फोटो काढले,
अर्धा चहा घेतला, टोटल लॉस लिहून गेले.
तिथं माझं काम खरं तर संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी येळ्ळूरहून बाई आल्या,
द्रौपदा आष्टेकर, बरोबर नववीतला पोरगा.
गाडी भाड्याची, मालक दुसराच.
परशराम नुसता ड्रायव्हर.
"झोपला होता म्हणतात.
मालक म्हणतो, ट्रॉलीवाला म्हणतो,
आता आमचे दीर पण म्हणायला लागलेत.
ब्रेक दाबला होता काय, तेवढं सांगा की.
लोखंडात कळतं म्हणे."

कळतं.
ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते.
ट्रॉली जिथल्या तिथं,
तिचं चॅनल जमिनीपासून चौतीस इंच.
म्हणजे घाव गाडीच्या अंगावर वरच्या बाजूला बसतो.
झोपलेला माणूस नाक वर ठेवूनच जातो,
त्याचा घाव बरोबर चौतीसला.

माझे उस्ताद मक्तुमसाब नदाफ म्हणायचे,
कब्बिण सुळ्ळ हेळूदिल्ल.
लोखंड खोटं बोलत नाही.
आणि वर हसायचे:
कब्बू म्हणजे ऊस, कब्बिण म्हणजे लोखंड,
या मुलखात दोघांत अंतर अक्षरभर,
मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीला तेवढंही नाही.

टेपाचं खालचं टोक बाईंनी धरलं.
पुढचा टायर बसलेला.
जॅक लावून गाडी उचलली,
हवा असती तर जेवढी उभी राहिली असती तेवढी.
ते "तेवढी" माझ्या हातात होतं.
जॅकचा एक फेरा म्हणजे दोन सूत,
चार फेऱ्यांत इंच.

साडेछत्तीस.
"अडीच इंच नाक खाली होतं," मी म्हटलं,
"ब्रेकवर पाय होता. जागे होते."
पोरानं वहीत आकडा लिहिला, तारीख लिहिली,
मग माझं नाव विचारून तेही.
बाई काही बोलल्या नाहीत.
बॉनेटच्या घडीतला पाला ओढून काढला,
कुठं टाकायचा म्हणून इकडंतिकडं बघितलं
आणि तसाच हातात घेऊन गेल्या.

सोमवारी भंगारवाला आला.
गॅस कटरनं त्यानं आधी रूळच कापले.
आता परत मापायला काही नाही.
फरशीवरचे ठिपके आठवडाभर होते,
झाडू मी त्यांच्या कडेनं मारला.

दाराच्या फटीतला मिलिमीटर मोजणारा माणूस मी.
त्या दुपारी जॅकचे फेरे
मोजले नव्हते.